यकृताच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मार्करचे अहवाल कसे वाचावेत

टाके निघाले, रुग्ण घरी आला, की कापडी पिशवीतून जाडजूड फाइल बाहेर येते आणि घरातील कोणीतरी विचारतो, "यात किती वर्षं लिहिली आहेत?" बेळगावातील प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि निवृत्त झाल्यावरही खानापूर, निपाणी, चंदगड या भागांतून ओळखीपाळखीचे लोक फाइल घेऊन येत राहिले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. वर्षे कुठल्याच कागदावर लिहिलेली नसतात. कागदावर असतात त्या रक्तातील आणि काढलेल्या गाठीतील काही खुणा, ज्यांना आपण सरसकट मार्कर म्हणतो. त्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात, कोणत्या खुणेला किती वजन द्यावे आणि कोणत्या तपासणीवर पैसे घालण्यापूर्वी थांबून विचार करावा, एवढेच येथे मांडतो. उपचाराचा निर्णय शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ यांचाच असतो. आपण नीट वाचून गेलो तर त्यांच्यासमोर योग्य प्रश्न विचारता येतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खालील सर्व विवेचन यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाबद्दल, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबद्दल आहे. आतड्यातून यकृतात पसरलेली गाठ किंवा पित्तनलिकेचा कर्करोग यांचे मार्कर वेगळे आणि हिशेबही वेगळा, म्हणून अहवालातील निदानाची ओळ पाहिल्याशिवाय पुढे वाचू नये.

पहिले पान सोडू नये

लोक थेट मार्करच्या आकड्याकडे धावतात. माझे सांगणे असे की, आधी हिस्टोपॅथॉलॉजीचा साधा अहवाल उघडावा, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टी पुढील वाटचालीबद्दल जेवढे सांगतात तेवढे अनेक महागड्या तपासण्याही सांगत नाहीत. त्यात 'मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' हे शब्द शोधावेत. गाठीच्या आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांत कर्करोगाच्या पेशींचे पुंजके सापडले, असा त्याचा अर्थ. डोळ्यांना किंवा सीटी स्कॅनवर न दिसणारी ही शिरकावाची खूण असेल, तर पहिल्या दोन वर्षांत गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो.

मात्र 'आढळले नाही' असे लिहिले असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे तुकडे किती आणि कुठून घेतले. गाठ ही घड्याळाची तबकडी आहे असे मानले, तर बारा, तीन, सहा आणि नऊ या चारही ठिकाणी गाठ व निरोगी यकृत यांच्या सीमेवरून तुकडे घ्यावेत, शिवाय गाठीच्या आतून आणि गाठीपासून जवळच्या व दूरच्या यकृतातूनही घ्यावेत, अशी चांगली पद्धत आहे. दोनच तुकडे पाहून 'नाही' म्हणणे आणि सात तुकडे पाहून 'नाही' म्हणणे यांत फरक आहे. अहवालाच्या शेवटी तुकड्यांची यादी असते, ती सहसा कोणी वाचत नाही.

त्याच पानावर गाठीचा आकार, गाठींची संख्या, मुख्य गाठीभोवतीच्या लहान उपगाठी, कापाच्या कडेपर्यंत पेशी पोहोचल्या होत्या का, आणि पेशींची श्रेणी ही माहिती असते. श्रेणीसाठी एडमंडसन आणि स्टायनर यांची १९५४ ची एक ते चार अशी पद्धत अजूनही अनेक ठिकाणी वापरतात; चार म्हणजे मूळ यकृतपेशींपासून सर्वांत दूर गेलेली. 'मॅक्रोट्रॅबेक्युलर मॅसिव्ह' असा शब्द दिसला तर तो उपप्रकार अधिक आक्रमक असतो हे लक्षात ठेवावे. तो ओळखण्यासाठी नेहमीची काचपट्टी आणि अनुभवी डोळा पुरतो, जनुकांची तपासणी लागत नाही.

तुकडा जपला तरच मार्कर

येथे थोडा रेंगाळतो, कारण ही बाब माझ्या हाताखालून गेलेली आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आपल्या भागात लहान रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली की काढलेला भाग प्लॅस्टिकच्या बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती देतात आणि "लॅबमध्ये पोहोचवा" म्हणून सांगतात. अशा वेळी तीन गोष्टी विचाराव्यात. बरणीत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारे रसायन, आहे की नुसते सलाइन? फॉर्मॅलिन पुरेसे आहे का, म्हणजे तुकड्याच्या आकारमानाच्या सुमारे दहापट? आणि मोठा तुकडा आडवा चिरून ठेवला आहे का? फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने आत शिरते, त्यामुळे यकृताचा अखंड मोठा भाग बरणीत कोंबला तर बाहेरून तो कडक होतो आणि आतील पेशी त्याआधीच खराब होऊ लागतात. मग सी.के. १९ या प्रथिनाचे रंजन, म्हणजे खास रंग चढवून ते प्रथिन शोधणे, असो की जनुकांची तपासणी, उत्तर अर्धवट येते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. तुकडा चिरणे हे नातेवाइकांचे काम नव्हे, पण विचारणे नक्कीच आहे.

प्रयोगशाळेत तुकड्यांवर प्रक्रिया होऊन ते मेणात बसवले जातात. या मेणाच्या ठोकळ्यांना ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या मतासाठी मुंबई, पुणे किंवा बंगळूरला जाताना केवळ काचपट्ट्या नेऊन भागत नाही. गाठीचा एक प्रातिनिधिक ब्लॉक आणि गाठीबाहेरील यकृताचा एक ब्लॉक, असे दोन्ही मागून घ्यावेत आणि पावतीवर त्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. गाठीबाहेरचा ब्लॉक कशासाठी, ते पुढे येईल.

एका एप्रिलमध्ये मीच एका कुटुंबाला ब्लॉक पातळ पिशवीत घालून दिला होता. त्यांनी तो मोटारीत पुढच्या काचेमागे ठेवला आणि पुण्याला पोहोचेपर्यंत मेण मऊ होऊन पिशवीला चिकटले, वर लावलेली चिठ्ठी सुटून आली. हे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते आणि उन्हातल्या बंद मोटारीत तेवढी उष्णता सहज होते. तुकडा पुन्हा मेणात बसवता आला, पण तो कोणाचा हे सिद्ध करण्यात चार दिवस गेले. तेव्हापासून मी ब्लॉक कडक डबीत, कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना क्रमांक लिहून देऊ लागलो. नेणाऱ्यांनीही तो डिकीत किंवा काचेपाशी न ठेवता आपल्या हातपिशवीत ठेवावा.

नावाचा घोळ हा सीमाभागातला आणखी एक खास त्रास. बेळगावच्या कागदावर कन्नड पद्धतीने आद्याक्षर आधी, कोल्हापूर-मिरजेच्या कागदावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आणि आधारकार्डावर तिसरेच स्पेलिंग. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. म्हणून प्रत्येक अहवालावर नावापेक्षा रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि ब्लॉकचा क्रमांक जुळतो का ते पाहावे.

ए.एफ.पी.: एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा

अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजेच ए.एफ.पी., हे गर्भातील यकृत तयार करते ते प्रथिन. जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसे होते आणि यकृताच्या कर्करोगात काही रुग्णांत पुन्हा वाढते. १९६३ मध्ये आबेलेव्ह यांना ते उंदरांच्या यकृताच्या गाठींत दिसले आणि १९६४ मध्ये तातारिनोव्ह यांना माणसांत. एवढे जुने असूनही आजवर त्याच्याइतका स्वस्त आणि उपयोगी मार्कर दुसरा हाती आलेला नाही, असे माझे मत आहे.

निरोगी प्रौढांत तो साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो ४०० च्या वर असणे ही बहुतेक अभ्यासांत प्रतिकूल खूण ठरली आहे. पण शस्त्रक्रियेनंतर बोलतो तो उतार. ए.एफ.पी. रक्तातून निम्मा होण्यास पाच ते सात दिवस लागतात. सोपा हिशेब करू. शस्त्रक्रियेपूर्वी १,६०० असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर एका आठवड्याने सुमारे ८००, दोन आठवड्यांनी ४००, तिसऱ्याला २००, चौथ्याला १००, पाचव्याला ५०, सहाव्याला २५, सातव्याला १२ आणि आठव्या आठवड्यात तो सर्वसाधारण मर्यादेत यावा. त्यामुळे दहाव्या दिवशी ६०० आला म्हणून घाबरू नये. तो मार्गावरच आहे. उलट चौथ्या आठवड्यात ७०० असेल किंवा एकदा खाली येऊन पुन्हा चढू लागला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. मात्र हा हिशेब काटेकोर नसतो. उरलेले यकृत वाढू लागले की, किंवा हिपॅटायटिसचा भडका उडाला की, उतार संथ होऊ शकतो.

एका कुटुंबाने शस्त्रक्रियेनंतर एका प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा आकडा १२० आला. पुढच्या वेळी ते दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत गेले, तेथे ९९ आला. आकडा उतरला म्हणून घरात कुंदा वाटला. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर ध्यानात आले की, पहिला आकडा नॅनोग्रॅममध्ये होता आणि दुसरा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये. एक युनिट म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम, म्हणजे ९९ चे १२०. तसूभरही उतार नव्हता. म्हणून आकड्याच्या पुढचे एकक वाचल्याशिवाय तुलना करू नये, आणि शक्यतो सर्व तपासण्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने कराव्यात. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तेही रक्त देताना सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

ज्यांचा ए.एफ.पी. शस्त्रक्रियेपूर्वीही वाढलेला नव्हता, अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. ती सुमारे एक तृतीयांश आहे. त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरचा 'नॉर्मल' ए.एफ.पी. फारसा दिलासा देत नाही. त्यांनी स्कॅनवरच भिस्त ठेवावी.

त्याची दोन भावंडे

पिव्हका-२ किंवा डी.सी.पी. या नावाने येणारा मार्कर म्हणजे अपुरे घडलेले प्रोथ्रॉम्बिन. रक्त गोठवणाऱ्या या प्रथिनाला पूर्ण रूप येण्यासाठी क जीवनसत्त्वाची नव्हे तर 'के' जीवनसत्त्वाची गरज असते, आणि कर्करोगाच्या पेशी ते काम अर्धवट सोडतात. मर्यादा सहसा ४० मिली-युनिट धरली जाते. त्याची वाढ रक्तवाहिन्यांतील शिरकावाशी जोडलेली आढळते. परंतु रुग्ण वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, पित्ताचा मार्ग अडून कावीळ झाली असेल किंवा 'के' जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर गाठ नसतानाही तो वाढतो. ॲस्पिरिनमुळे तसे होत नाही. फाइलमध्ये औषधांची यादी का ठेवावी, ते यावरून कळेल. हा मार्कर ए.एफ.पी.पेक्षा लवकर उतरतो, दोन-तीन दिवसांत निम्मा होतो.

दुसरा ए.एफ.पी.-एल-३. आपल्या आमटीत असते त्या मसुरीच्या दाण्यातील एका प्रथिनाला ए.एफ.पी.चा जो अंश घट्ट चिकटतो, तो हा एल-३. हिपॅटायटिसमुळे वाढलेला ए.एफ.पी. मसुरीला फारसा दाद देत नाही, कर्करोगाचा देतो, हे वैज्ञानिकांना सुचले याचे मला आजही कौतुक वाटते. एकूण ए.एफ.पी.पैकी १० टक्के किंवा अधिक भाग एल-३ असेल तर ती प्रतिकूल खूण मानतात. ही तपासणी सर्वत्र मिळत नाही. ती झाली नाही म्हणून खंत करू नये.

रंजनाचे अहवाल आणि 'पॉझिटिव्ह' या शब्दाची भीती

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे या रंजनांच्या, पानावर पाच-सहा नावांपुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेले पाहून लोकांचे हातपाय गळतात. येथे दोन गट वेगळे करावेत. ग्लिपिकॅन-३, हेप-पार-१, आर्जिनेज-१ ही रंजने मुख्यतः गाठ यकृतपेशींचीच आहे का, हे ओळखण्यासाठी करतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ओळख पटली, आयुष्य कमी झाले असे नव्हे.

आयुष्याशी नाते सांगणारी रंजने थोडीच आहेत आणि त्यांत सी.के. १९ सर्वांत पुढे आहे. हे प्रथिन प्रौढ यकृतपेशींत नसते. पित्तनलिकेच्या पेशींत आणि यकृताच्या मूळपेशींत असते. गाठीच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत ते दिसले तर ती सी.के. १९ पॉझिटिव्ह म्हणतात, आणि अशा गाठी लवकर परतण्याची व यकृताबाहेर पसरण्याची प्रवृत्ती अधिक दाखवतात. म्हणून अहवालात नुसते 'पॉझिटिव्ह' असेल तर टक्केवारी विचारावी. सहा टक्के आणि ऐंशी टक्के यांना एकच शब्द लागतो. के.आय. ६७ हा विभाजन करणाऱ्या पेशींचे प्रमाण सांगतो. तो जास्त असणे चांगले नाही, पण त्याची एकमताने ठरलेली मर्यादारेषा नाही आणि मोजणाऱ्यागणिक तो बदलतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निष्कर्ष काढू नये.

जनुके: काय कळते, काय बदलते

येथपर्यंतचे काम बेळगावात होण्याजोगे आहे. जनुकांच्या पॅनेलसाठी, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीसाठी, मात्र बहुधा ब्लॉक बाहेर पाठवावा लागतो. अशा अहवालात तीन नावे वारंवार दिसतात. टर्ट या जनुकाच्या प्रवर्तक, म्हणजे जनुकाचे काम सुरू करणाऱ्या, भागातील बदल सुमारे साठ टक्के गाठींत असतो. इतका सर्रास आढळणारा बदल रुग्णारुग्णांत भेद करायला फारसा कामी येत नाही. सीटीएनएनबी-१, म्हणजे बीटा-कॅटेनिन, बदललेल्या गाठी बऱ्याचदा मूळ यकृतपेशींशी अधिक साम्य राखणाऱ्या असतात. टी.पी. ५३ मधील बदल प्रतिकूल गटात मोडतो.

टी.पी. ५३ चा एक बदल आपल्या घराशी संबंध जोडणारा आहे. या जनुकाच्या २४९ व्या स्थानी आर्जिनिनच्या जागी सेरिन येणे, ही अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची खूण असल्याचे १९९१ मध्ये दिसून आले. ही बुरशी ओलसर साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर आणि मक्यावर वाढते, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात या विषाचा घातकपणा कितीतरी पटींनी वाढतो. शस्त्रक्रियेनंतर घरात काय करायचे असे कोणी विचारले, तर काळे पडलेले, खवट, बुरशीचे दाणे चटणीत 'भाजून चालतात' म्हणून वापरणे आधी बंद करावे. भाजल्याने हे विष पुरते जात नाही.

अनेक जनुके एकत्र मोजून बांधलेली गणितेही आहेत. २०१३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पाच जनुकांचा एक गुणांक मांडला. त्यातील एक, केआरटी-१९, म्हणजे वर सांगितलेल्या सी.के. १९ चेच जनुक होय. स्वस्त रंजन आणि महाग पॅनेल अखेरीस एकाच दाराशी येतात, हे मला यात लक्षणीय वाटते. रक्तात फिरणारे गाठीचे डी.एन.ए. शोधणारी 'लिक्विड बायोप्सी' आश्वासक आहे, परंतु यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यावरून उपचार ठरवण्याची रीत अजून पक्की झालेली नाही.

म्हणून पॅनेलचा अर्ज भरण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "उत्तर वाईट आले, तर आपण काय वेगळे कराल?" हा प्रश्न उद्धट नाही. शस्त्रक्रियेनंतर गाठ परतू नये म्हणून सोराफेनिब हे औषध देऊन पाहिले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही. ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधांच्या जोडीने २०२३ मध्ये आशा निर्माण केली, पण पुढील पाठपुराव्यात तो लाभ टिकला नाही. याचा अर्थ, मार्कर प्रतिकूल आला तरी प्रतिबंधासाठी द्यावे असे सर्वमान्य औषध आज नाही; बदलतो तो तपासण्यांचा अवधी. अंतर कमी ठेवल्यास परतलेली गाठ लहान असताना सापडते आणि पुन्हा शस्त्रक्रिया, सुईने जाळणे किंवा प्रत्यारोपण हे मार्ग खुले राहतात. उत्तर जर "तपासण्या जवळजवळ ठेवू" एवढेच असेल, तर ते काम मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजनचे पान आणि ए.एफ.पी. बहुधा करून देतात. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी फाइल करून घेण्यात अर्थ नाही. पुढे आजार बळावला तर मात्र ए.एफ.पी. ४०० किंवा अधिक असणे हे रामुसिरुमॅब या औषधाच्या निवडीत उपयोगी पडते, म्हणून जुने आकडे टाकून देऊ नयेत.

उरलेले यकृत

गाठीबाहेरचा ब्लॉक मागून घ्या असे वर लिहिले, त्याचे कारण आता सांगतो. २००८ मध्ये होशिदा आणि सहकाऱ्यांनी मेणात जतन केलेल्या जुन्या तुकड्यांवरून १८६ जनुकांचा एक ठसा शोधला. रुग्णांच्या जगण्याशी त्याचे नाते होते, पण तो ठसा गाठीत सापडला नाही, तर गाठीशेजारच्या यकृतात सापडला. यामागील कारण समजून घेणे फार मोलाचे आहे. पहिल्या दोन वर्षांत परतणारी गाठ बहुधा जुन्याच गाठीच्या सुटलेल्या पेशींची असते. त्यानंतर येणारी बऱ्याचदा आजारी यकृतात नव्याने उगवलेली असते. यकृत कापल्यानंतर पाच वर्षांत सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्णांत गाठ पुन्हा दिसते, ती या दोन्ही वाटांनी.

पहिली वाट आपल्या हातात फारशी नाही, दुसरी बरीच आहे. लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो हिपॅटायटिस बी असेल, तर त्याच्या डी.एन.ए.चे रक्तातील प्रमाण हा माझ्या मते सर्वांत उपयोगी मार्कर आहे, कारण त्यावर औषध आहे. एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर नियमित घेतल्याने विषाणू दबतो, आणि शस्त्रक्रियेनंतर गाठ परतण्याचे प्रमाणही घटते. गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जायला सवड नव्हती म्हणून पंधरा दिवस खंड पडला, असे मी अनेकदा ऐकले आहे. या गोळ्या अचानक थांबवल्यास विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हिपॅटायटिस सी असल्यास तो बरा करणारी औषधे आहेत. दारू असेल तर ती थांबवणे, साखर आणि वजन आवरणे, याला पर्याय नाही. बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन या दोन साध्या आकड्यांवरून 'आल्बी' श्रेणी काढता येते आणि उरलेल्या यकृताची ताकद तीवरून बरीच अजमावता येते. दोन्ही आकडे प्रत्येक फाइलमध्ये असतातच.

आकड्यांचा अर्थ

"हॅझर्ड रेशो २" असे वाचले की आयुष्य निम्मे झाले असा अर्थ लोक लावतात. त्याचा अर्थ एवढाच की, त्या खुणेच्या गटात ठरावीक काळात घटना घडण्याचा वेग दुसऱ्या गटाच्या दुप्पट होता. चांगल्या निवडलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण पन्नास ते सत्तर टक्के सांगितले जाते. तेही शंभर जणांबद्दलचे विधान आहे, समोर बसलेल्या माणसाबद्दलचे नव्हे. सी.के. १९ पॉझिटिव्ह असूनही वर्षानुवर्षे शेतात जाणारे असतात. शिवाय यातील बरेच गुणांक जपान, चीन वा युरोपातील रुग्णांवर बेतलेले आहेत, आणि त्यांच्या यकृताच्या आजाराची कारणे आपल्याकडील कारणांशी जुळतीलच असे नाही.

वहीचे एक पान

दोनशे पानी वहीच्या एका पानावर आडव्या रेघा मारून तारीख, प्रयोगशाळा, ए.एफ.पी. आणि त्याचे एकक, पिव्हका, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, विषाणूचे प्रमाण, स्कॅनचा निष्कर्ष आणि त्या वेळी चालू असलेली औषधे असे रकाने आखावेत. डॉक्टरांना सत्तर कागद चाळायला लावण्यापेक्षा हे एक पान पुढे करावे. कन्नड, मराठी आणि इंग्रजी यांच्या गोंधळातही आकडे सर्वांना वाचता येतात. पहिली नोंद चार ते सहा आठवड्यांनी, नंतर दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ए.एफ.पी. आणि तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय, असा सर्वसाधारण क्रम असतो. मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन किंवा सी.के. १९ असल्यास तीन महिन्यांचे अंतर मागून घ्यावे.

योजनांबाबत एक व्यावहारिक सूचना. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला. परंतु शस्त्रक्रिया बसली म्हणून नंतरच्या मार्करच्या तपासण्या बसतील असे गृहीत धरू नये. रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर तपासणीचे नाव लिहून नेऊन आधी विचारून घ्यावे.

शेवटची बाब घरातील आहे. "त्यांना काही सांगू नका" असे म्हणून मुलगा फाइल घेऊन एकटाच येतो आणि वडील बाहेर रिक्षात बसलेले असतात. मी अशा वेळी वही वडिलांच्याच हाती द्यायला सांगतो. आकडे त्यांच्या रक्ताचे आहेत, आणि गोळी चुकली की नाही हेही त्यांनाच ठाऊक असते. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहावी आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरही लिहावी, म्हणजे ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडते.